रश्श्यातली फळं

शकुबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कोंबडीला हात लावला, तोही नाकावर पदर घेऊन. सकाळी त्या एकट्याच गोरखपूरच्या बाजारात जाऊन आल्या होत्या. दुकानदारानं विचारलं, "अम्मा, कितना दूँ?" त्या म्हणाल्या, "एक बीमार आदमी खा ले, उतना."

आता मागच्या पडवीत, विटांच्या विझलेल्या चुलीशेजारी, स्टुलावर विजेचा स्लो कुकर चालू होता. मुलीनं, लतिकानं, बंगलोरहून पाठवलेला. या घरात कोंबडी शिजायची ती याच पडवीत, आणि शिजवायचे त्यांचे यजमान, अंबादासराव. फॅक्टरीला सुट्टी असली की चूल पेटायची. त्यांचं पातेलं वेगळं, पळी वेगळी, भांडी घासायची राखसुद्धा वेगळी. शकुबाई खात नव्हत्या. अंबादासरावांचं पातेलं कधी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत आलं नाही आणि शकुबाईंच्या वरणातली कणकेची फळं, म्हणजे चकोल्या, कधी बाहेर गेली नाहीत. संसार मात्र एकच होता आणि झकास चालला होता.

मग लकव्यानं अंबादासरावांचा उजवा हात नेला आणि पाठोपाठ भूकही. वरणभात समोर आला की दोन घास घ्यायचे आणि तोंड फिरवायचे. "बस. आता कशाले?" डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल.

फोनवर लतिका बजावत होती, "आई, झाकण बार बार उघडू नको. भाप निकल जाती है."

"अवं पण शिजून राहिलं का नाई, कसं समजन?"

"थोडा सब्र कर."

सब्र! गॅसवर असतं तर एव्हाना माणसानं जेवून ढेकर दिली असती. शकुबाई वाफाळलेल्या काचेकडे बघत बसल्या.

कृती त्यांना कुणी सांगितली नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून इतकी वर्षं बघून पाठ झाली होती. कांदा-खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं, खसखस वेगळी वाटायची, मसाला तेल सुटेपर्यंत परतायचा. फळांची कणीक तेवढी त्यांची स्वतःची, ओवा-हळदीची. नुसती कोंबडी अंबादासरावांना चावली नसती आणि नुसती फळं ते खाईनात. म्हणून दुपारी रस्सा उकळायला लागल्यावर त्यांनी एकेक फळ त्यात सोडलं.

दारातल्या खुर्चीतून अंबादासराव सगळं बघत होते. ताटली पुढं आली तेव्हा त्यांनी आधी ताटलीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"तू... शिवली?"

"शिवली. आंघोळ करीन मंग. तुम्ही खा."

त्यांनी डाव्या हातानं चमचा धरला. फळ मऊ झालं होतं, जिभेवरच विरघळलं. दुसरा घास घेतला. मग भुवया वर गेल्या.

"मीठ?"

शकुबाईंनी कपाळाला हात लावला. खिडकीतून सगळं पाहिलं होतं, पण मीठ पाहिलं नव्हतं. अंबादासराव रस्सा तळहातावर घेऊन चव बघायचे आणि मग मीठ टाकायचे. ते हात तोंडाकडे नेऊ लागले की त्या दर वेळी मान फिरवायच्या.

"अव माय! टाकलंच नाई बाप्पा." त्यांचे डोळे भरून आले. एवढा आटापिटा केला आणि अळणी पाणी पुढं ठेवलं. आता हा माणूस तोंड फिरवणार. "थांबा, आणतो मी."

त्या उठल्या, तर पदर कुठंतरी अडकला. अंबादासरावांनी चमचा ठेवून तो डाव्या मुठीत धरला होता.

"राहू दे."

मग त्यांनी पुन्हा चमचा उचलला. हळूहळू, सांडत, चघळत ताटली संपवली. हनुवटीवरून ओघळलेला रस्सा शकुबाईंनी पदरानं पुसला. कोंबडीचा रस्सा, नेसत्या लुगड्याच्या पदरानं. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

"उद्या," अंबादासराव म्हणाले आणि दम घ्यायला थांबले. "उद्या मीठ मी टाकीन."

शकुबाई उठल्या. आत गेल्या, स्वयंपाकघरातला मिठाचा डबा घेऊन आल्या आणि पडवीत, चुलीच्या विटांवर, त्यांच्या डाव्या हाताला येईल असा ठेवला.