डाव्या पायाची सवय

अप्पांनी पाचव्यांदा डावा पाय दाबला. तिथे क्लच नव्हता.

गाडी मात्र निमूटपणे पुढे सरकली. अप्पांनी स्टिअरिंगवरची बोटं सैल केली, पुन्हा आवळली. "हाताला काहीच लागंना गा," ते पुटपुटले. "पाण्यात काठी फिरवल्यावानी होतंय."

"तेच तर आहे ना काका नव्या गाडीचं," शेजारी बसलेला शोरूमचा सत्यम हसला. "गिअर आपोआप, स्टिअरिंग हलकं. मागं काही आलं तर ती स्वतः सांगते. तुम्ही फक्त बसायचं."

अप्पा समोर बघत राहिले. मागच्या सीटवर आईशेजारी बसलेल्या त्यांच्या लेकीने, दामिनीने, सुस्कारा सोडला. रुसलेत, तिला वाटलं. शोरूममध्ये समोरासमोर बसून सगळं नीट बोलत होते. गाडीत बसल्यापासून सत्यमने काही विचारलं की गप्प.

लातूर–नांदेड रस्त्यावर दुपारची वर्दळ होती. दामिनी दर मिनिटाला घड्याळ बघत होती. आज सोक्षमोक्ष लावायचा होता. नवी गाडी जमली, तर बावीस वर्षांची जुनी आठशे इथेच देऊन टाकायची. नाही जमली, तर जुनीची किल्लीही दामिनीच्या पर्समध्ये जायची. अप्पांनी कबूल केलं होतं. गेल्या महिन्यात ते एकटेच अष्टामोडला गेले आणि एका टेम्पोला घासून आले. "इतका हॉर्न दिला, म्हातारा हलला नाही," टेम्पोवाला सांगत होता. तेव्हापासून दामिनीला लातुरात झोप नव्हती. चाकूरला घरी फोन करावा, तर अप्पा फोनवर येतच नसत. आईच त्यांना विचारून सांगायची.

पण गाडी गेली, की ती दोघं घरात कोंडली जाणार, हेही तिला कळत होतं. आईला गुडघ्यांमुळे बसची पायरी चढवत नव्हती. शेत, बाजार, सोमवारचा महादेव, सगळं त्या आठशेवर चालायचं.

टिंग टिंग टिंग. अप्पांचा पट्टा निसटला होता.

आईने, शिवकांताबाईंनी, पुढे वाकून अप्पांच्या खांद्याला बोट लावलं. अप्पांनी पट्टा ओढून खटक्यात अडकवला. मागून ट्रॅक्टरने हॉर्न दिला. आईचा हात पुन्हा पुढे गेला.

"आई!" दामिनी चिडली. "त्यांना चालवू दे ना. सारखं काय टोचतेस?"

हे नेहमीचंच होतं. आठशेत आई पुढे बसायची आणि अख्खा रस्ता अप्पांच्या मांडीवर चापट्या मारायची. नातेवाईक चेष्टा करत: स्टिअरिंग गुंडप्पाच्या हातात, गाडी शिवकांताच्या. आज पुढची जागा सत्यमची होती.

आईने हात मागे घेतला आणि मांडीवर दाबून धरला.

शोरूमच्या आवारात सत्यमने हाताने खूण करून गाडी मागे घेऊन लावायला सांगितली. अप्पांनी जुन्या सवयीने मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं, दोन्ही आरशांत पाहिलं. समोरच्या पडद्याकडे पाहिलं नाही. गाडी मागे जाऊ लागली. बीप. बीप. मग बीपबीपबीप. मग एकच लांब, कानात घुसणारा आवाज.

"काका, थांबा!" सत्यम ओरडला.

आईचा हात उचलला गेला. तिने दामिनीकडे पाहिलं. तेवढ्यात गाडीला हिसका बसला. मागे मातीची कुंडी फुटल्याचा आवाज झाला.

हिसका बसताच अप्पांनी ब्रेक दाबला. ते सत्यमकडे वळले. चेहरा लाल झाला होता. "तुम्ही शोरूमात म्हनलाव, मागं काही आलं की गाडी सांगती. एका अक्षरानं बोलली न्हाई ती! आमची आठशे बरी. हादरून सांगती, थरथरून सांगती. ही निस्ती मुकी हाय."

गाडी अजून रिव्हर्समध्येच होती. तो लांब आवाज थांबला नव्हता.

सत्यमने दामिनीकडे पाहिलं. दामिनीने आईकडे पाहिलं. आई खिडकीतून बाहेर, काहीच नसलेल्या कंपाउंडकडे बघत होती.

"कधीपासून?" दामिनीने हळूच विचारलं.

"तीन वर्सं झाली," आई म्हणाली. "समोर बसलं की तोंड बघून कळतं त्यांना. कुनाला सांगू देत न्हाईत."

बाहेर उन्हात आठशे उभी होती. अप्पांनी खिशातून किल्ली काढून दामिनीच्या तळहातावर ठेवली. "ठरलं तसं. घे."

दामिनीने मूठ मिटली. पर्सची चेन उघडली. मग ती अप्पांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून बोलली.

"उद्या कानाच्या डॉक्टरकडे. आणि आई शेजारी बसल्याशिवाय गाडी काढायची नाही. कबूल?"

अप्पा तिच्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं, चोरी पकडल्यासारखं. मान हलवली. दामिनीने किल्ली परत त्यांच्या हातात ठेवली.

"मंग मलाच लायसन काढावं लागंल," आई म्हणाली आणि पुढच्या सीटवर बसली.

दामिनी मागे बसली. आठशे खडखडत सुरू झाली. अप्पांच्या हाताखाली गिअरचा दांडा थरथरत होता. रस्त्याला लागताच मागून ट्रकने हॉर्न दिला.

आईची दोन बोटं अप्पांच्या मांडीवर दोनदा टेकली, आणि गाडी डावीकडे सरकली.