वुबितकडचा तिसरा पेला

इथिओपियातल्या हवासा शहरात, आमच्या गल्लीत कॉफी कुणी एकटं पीत नाही. कॉफी उकळली की कुंपणावरून शेजारणीला हाक मारायचीच. वुबितची हाक मात्र चार महिने आली नव्हती. नवरा वारल्यापासून ती फोनमधल्या चॅटबॉटशीच बोलत बसायची.

आज कारखान्यातून सुटले आणि पाय ओढत स्वतःच तिच्या दारात गेले.

"ये त्सिगे, बस," ती पुटपुटली. तिनं तीन पेले मांडले. एक तिचा, एक माझा, एक फोनपुढे.

"त्याला कशाला गं? तो काय पिणारे?"

"पाहुण्याला वगळतात का?"

माझ्यात हसायचंही त्राण नव्हतं.

रीतीप्रमाणे कॉफी तीनदा ओतायची. पहिल्या खेपेला वुबितनं पेल्याला हातच लावला नाही.

"पी की."

"प्यायले," म्हणत तिनं ओठ पुसले.

तिचा पेला काठोकाठ भरलेला होता. फोनपुढचा रिकामा होता, तळाशी ओला गाळ.

दुसऱ्या खेपेला मी फोनपुढच्या पेल्यावरून नजर हलवली नाही. कुणी हात लावला नाही, तरी त्या पेल्यातली कॉफी हळूहळू उतरत गेली.

तिसऱ्यांदा तिनं फक्त माझा आणि फोनपुढचा पेला भरला.

"आणि तुला?" मी विचारलं.

वुबितचं तोंड मिटलेलंच होतं. उत्तर फोनमधून आलं, तिच्याच जुन्या, हसऱ्या आवाजात.

"माझी झाली गं. तू सांग, किती दमलीयस!"

असं मला कितीतरी दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं. मी वुबितकडे पाठ केली, फोनपुढे सरकून बसले आणि सांगायला लागले.