आत आलेली गाडी

गाडी सर्कलच्या तोंडाशी उभी होती आणि सून सगळ्यांना जाऊ देत होती. लाल मोटार गेली, बस गेली, एक सायकलवाला शीळ घालत गेला. प्रत्येकाला तिने स्टिअरिंगवरचा हात उचलून आभाराची खूण केली.

"तो त्याच्या हक्काने गेला," शेजारी बसलेले सासरे म्हणाले. "त्याचे आभार कशाला?"

"सवय आहे हो, बाबा."

सासऱ्यांनी उभा जन्म बस चालवली होती. आता डाव्या गुडघ्याने संप पुकारला होता, क्लच दाबवत नव्हता. मुलगा कायम फिरतीवर. नातीला रोज सकाळी पोहण्याच्या तलावावर सोडायला घरात आता एकच माणूस उरलं होतं, आणि त्या माणसाची लायसन्सची परीक्षा उद्या होती. ती नापास झाली तर नातीचं पोहणं बंद.

नात मागच्या सीटवर ओल्या केसांनी बसली होती. वडिलांच्या या दुसऱ्या बायकोला काय हाक मारायची, हे तिचं अजून ठरत नव्हतं. म्हणून ती हाकच मारत नसे.

मागून हॉर्न वाजले. एक स्कूटरवाला बाजूने पुढे येत ओरडला, "ताई, तंबू ठोकताय का इथं?"

"घरी पण ह्यांचं असंच असतं," नात खिडकीबाहेर बघत म्हणाली. "फ्रिज उघडायच्या आधी विचारतात."

सुनेचे कान लाल झाले. सासरे हसले नाहीत. लहान मुलाला आकाशातला पतंग दाखवावा, तसं त्यांनी बोटाने सर्कल दाखवलं.

"नीट बघ. जो आत फिरतोय, रस्ता त्याचा. बाहेरून येणाऱ्याने थांबायचं. ते तू छानच करतेस, तुझ्याइतकं छान थांबणारं मी कुणी बघितलं नाही. पण थांबायचं ते फट बघण्यासाठी. दिसली की शिरायचं. येऊ का म्हणून विचारत बसायचं नाही. ही बघ आली. चल."

आचका देऊन गाडी आत शिरली आणि मधल्या झाडांना वळसा घालू लागली. पुढच्या रस्त्याच्या तोंडाशी एक पावाची व्हॅन उभी होती. सुनेने ब्रेक दाबला आणि व्हॅनवाल्याला 'या' अशी खूण केली.

व्हॅनवाला गोंधळला. 'तुम्ही जा' म्हणून त्याने हात केला. 'छे, तुम्ही,' तिने हात केला. मागे बसचा ब्रेक किंचाळला.

"अहो, असं काय करताय!" नात ओरडली.

घाईघाईत सुनेचा पाय क्लचवरून सुटला आणि इंजिन बंद पडलं. आता व्हॅनवाला निघाला. जाताना त्याने दोन्ही हात जोडले.

"तो बिचारा केव्हाचा उभा होता," सून म्हणाली.

"असू दे की. त्यालाही त्याची फट मिळाली असती. आता तू आत आहेस. आतलाच थांबला की बाहेरच्याला कळत नाही काय करावं, आणि मागच्यालाही कळत नाही. वाईटपणाने झालेले अपघात मी पुष्कळ बघितले, सूनबाई. चांगुलपणाने झालेलेही काही कमी नाही बघितले."

सुनेने किल्लीवर हात ठेवला, पण फिरवली नाही.

"बाबा, उद्या नकोच जाऊ या परीक्षेला. हिच्यासाठी टॅक्सी ठरवू. मला नाही जमायचं हे. हिची पोहण्याची वेळ माझ्यापायी चुकायला नको."

मागे हॉर्नवर हॉर्न वाजत होते. बसचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून काहीतरी म्हणाला. सासऱ्यांनी त्याच्याकडे बघून नुसता तळहात दाखवला, आणि तो गप्प झाला. धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला ओळखतो.

मग मागून नातीचा आवाज आला.

"आजोबा, आत शिरल्यावर किती वेळाने आपण आतले होतो?"

"किती वेळाने?" आजोबा मागे वळले. त्यांनी नातीकडे बघितलं, मग सुनेकडे. "चाकाने रेघ ओलांडली की त्याच क्षणी. पुढे काही बाकी राहत नाही."

नातीने थोडा विचार केला. पट्ट्याखालून सरकत ती मधल्या जागेत आली आणि दोन सीटांच्या मधून पुढे बघू लागली. तिच्या केसांतलं पाणी सुनेच्या खांद्यावर ठिबकलं. सुनेने ते पुसलं नाही. तिने किल्ली फिरवली.

गाडी निघाली, या वेळी आचका न देता. पुढच्या तोंडाशी एक टॅक्सी तिच्यासाठी थांबलेली होती. सुनेचा पाय जागचा हलला नाही, पण हात मात्र आपसूक स्टिअरिंगवरून उचलला गेला आणि गाडी जराशी झोकांडली.

"तू चालव," नात म्हणाली. "हात मी करते."

सुनेने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. टॅक्सीवाल्याला नातीने काचेतून हात केला. त्यानेही केला. मग त्यामागच्या टेम्पोला, मग मघाच्याच त्या स्कूटरवाल्याला, जो कुठल्याशा कामाला जाऊन परत येत होता.

सासऱ्यांचा उजवा पाय घरातून निघाल्यापासून नसलेला ब्रेक दाबत होता. तो आता सैल पडला.

घराकडे वळायचा रस्ता आला आणि मागे गेला. तिघांनीही तो बघितला. गाडी आणखी एका फेरीला लागली, आणि मागच्या काचेत एक पंजा हलत राहिला, थांबलेल्या प्रत्येकासाठी.