नवऱ्याचं घर

आफ्रिकेतल्या लिम्पोपो नदीकाठच्या एका अंगणात त्साकानी आपल्या झोपडीच्या दारात आडवी उभी होती, पाठीला बाळ बांधून. नवऱ्याला चौथी बायको आणायची होती आणि तिच्यासाठी हिचं घर रिकामं हवं होतं.

“जा, थोरलीकडे राहा. तिन्ही घरं माझीच तर आहेत!” तो ओरडला.

थोरलीनंच गावप्रमुखाला बोलावून आणलं. त्यानं नवा कायदा सांगितला, “नवरा काय, बायका काय, सगळे सारखे. जिचं घर, तिचा हक्क. तिच्या मर्जीशिवाय तिला हलवायचं नाही.”

“मग माझं घर कोणतं?” नवऱ्यानं विचारलं.

प्रमुखानं अंगणभर नजर फिरवली. तीन झोपड्या, तीन बायका; नवरा आजवर मनाला येईल तिच्याकडे राहायचा. “गोठा आहे की. गाई काही हरकत घ्यायच्या नाहीत.”

नवरा खरंच गोठ्यात राहायला गेला. ते ऐकून नवरीकडच्यांनी नकार कळवला.

एके सकाळी तो त्साकानीच्या दाराशी आला. केसांत गवत अडकलेलं. “आज तुझ्याकडे राहू का गं?” आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं विचारलं होतं. तिला भरूनही आलं आणि हसूही फुटलं.

तिनं त्याच्या हाती कुदळ दिली. “आधी तुमचं घर बांधा. मग आम्हीच येत जाऊ, पाळीपाळीनं.”