जाळलेल्या कागदाची चाल

"तो कागद? जाळला मी," आई म्हणाली.

लेकीच्या हातातला कप तसाच राहिला. मांडीवर लॅपटॉप उघडा होता. पासवर्ड बरोबर पडला होता. पण त्यानंतरचा आकडा ज्या फोनवर यायचा, तो सकाळीच जिन्यावरून घरंगळून मुका झाला होता. अशा वेळेसाठीच तिने दहा राखीव कोड छापून आईपाशी ठेवले होते. एक कोड एकदाच चालायचा.

"अगं, जाळलास?"

"तूच म्हणालीस, कुणाच्या हाती लागता कामा नये. लागला का?"

आठ चाळीस झाले होते. तिचा प्रोग्राम लहान मुलांच्या वजनावरून औषधाचं माप सांगायचा. काल तिच्याच हातून दशांशचिन्ह एक घर सरकलं होतं. नऊला दवाखाने उघडणार. शेकडो दवाखाने, फोन तरी कुणाकुणाला करणार? दुरुस्ती तयार होती. पण ती जिथून चढवायची, ते खातं उघडत नव्हतं.

"तोंड नको पाडू," आई म्हणाली. "चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात नंबर जोडलेत मी. कागदावरचा नंबर हरवतो. चालीवर बसवलेला हरवत नाही."

तिने डोळे मिटले, मांडीवर ताल धरला आणि गायला लागली. "सात के चार, एम दोन दोन..."

"पहिले दोन वापरून झालेत गं. तिसरा सांग."

"मधूनच कसा सांगू? पहिल्यापासूनच येतं ते."

पहिला गेला, दुसरा गेला. तिसऱ्याच्या मध्यावर आई अडकली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच. "नऊ टी सहा... नऊ टी सहा..."

आठ त्रेपन्न.

"पाच क्यू आठ," न्हाणीघरातून आवाज आला.

वडील दारात आले, अर्ध्या गालावर दाढीचा फेस. गाणाऱ्याची ओळ सुटली की ऐकणाऱ्याने उचलावी, तशी त्यांनी ती उचलली होती. अगदी त्याच चालीत.

लेकीने अक्षरं दाबली. खातं उघडलं. आठ छप्पन्नला दुरुस्ती चढली.

"देव पावला," ती म्हणाली.

"पावणारच. गाऊन मागितलं होतं." आई वडिलांकडे वळली. "आणि तुम्हाला कसं येतं हो? माझं एक अक्षर तुमच्या कानात शिरत नाही."

"सांगतेस ते नाही शिरत," वडील म्हणाले. "भांडी घासताना गातेस ते शिरतं. दोन वर्षं झाली."

लेक हसली, मग एकदम थांबली. "म्हणजे शेजारच्या काकूंनाही पाठ असणार!" तिने उरलेले कोड रद्द केले. नवे दहा आले. ते वहीच्या पानावर उतरवून तिने आईच्या हातात दिले. "हे कपाटात, कुलपात. जाळायचं नाही. आणि गायचं तर मुळीच नाही."

"बरं बाई."

आईने चष्मा चढवला, पान जरा लांब धरलं. ओठ हलायला लागलेच.

वडिलांनी तोंड धुतलं, वर्तमानपत्र घेतलं आणि आपली खुर्ची सरकवत सरकवत स्वयंपाकघराच्या दारापाशी आणून ठेवली.