भिंतीवरची जखम

"सरकला, वरचा काठ सरकला," शेजारचे पटवर्धन म्हणाले, आणि अख्खी खोली पुढे झुकली.

दिवाणखान्याच्या भिंतीवर उमाकांतची जखम दिसत होती. सकाळी त्यानं गिळलेली कॅमेऱ्याची गोळी जठरात चिकटून बसली होती आणि तिथलं सगळं थेट घरी दाखवत होती. संध्याकाळपर्यंत जखम झाकली गेली नाही, तर ऑपरेशन होतं. त्याची बायको रेवती भिंतीवरून नजर हलवत नव्हती. काठावरच्या पेशी चपट्या होत, एकमेकींना न सोडता उघड्या जागेवर सरकत होत्या. नव्या पेशी जन्मायची वाट बघायला सवड नव्हती. होत्या त्याच अंग ताणून पसरत होत्या. उमाकांत मात्र कॉटवर डोळे गच्च मिटून पडला होता.

काठाला काठ भिडला. टाळ्या कडाडल्या, आणि आनंदाच्या भरात उमाकांतच्या थोरल्या बहिणीनं, अक्कांनी, पहिला पेढा त्याच्याच तोंडात कोंबला.

"अहो अक्का, डॉक्टरांनी उद्यापर्यंत पाणीसुद्धा..." रेवती हात पुढे करून धावली, तोवर उमाकांतनं पेढा गिळला होता.

सगळे भिंतीकडे वळले. वरून पिवळट लगदा आला आणि त्या एकपदरी, कोवळ्या अस्तरावर पडला. अस्तर वाळत घातलेल्या साडीसारखं थरथरलं. पण एकाही पेशीनं शेजारणीला सोडलं नाही. लगदा घसरून पुढे गेला.

"आणखी एक आहे का?" उमाकांतनं डोळे न उघडताच विचारलं.

रेवतीनं डबा त्याच्यापासून लांब, फ्रिजवर नेऊन ठेवला. मग त्यातला एक पेढा स्वतःच्या तोंडात टाकला. सकाळपासून तिनंही पाणी घेतलं नव्हतं.