गेनबाचं फावडं

फ्लेक्स अजून फुटपाथवर पसरलेलाच होता, तेवढ्यात मथुराबाई त्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. फ्लेक्सवाला नबील वरच्या बांबूला दोरी बांधत होता. म्हातारीचा चेहरा बघून त्याचा हात आपोआप थांबला.

फ्लेक्सवर हात जोडलेला त्यांचा मुलगा सुखदेव होता. पांढरे कपडे, भावी नगरसेवक. त्याच्या मागं, त्याच्याहून मोठा, एक फौजी बंदूक रोखून उभा. खालची ओळ मथुराबाईंनी अक्षर अक्षर लावून वाचली. रणवीर गेनबांचा नातू.

"ह्यो कोण?" त्यांनी विचारलं.

"आजोबा, आई. तुझे वडील," सुखदेव कार्यकर्त्यांतून पुढं झाला. "ओळखलं नाहीस?"

"न्हाई ना. म्हणूनच इचारतेय."

गेनबा दुसऱ्या महायुद्धावर गेला तेव्हा मथुराबाई आईच्या पोटात होत्या. तो परत आला नाही. घरात त्याचा फोटो नव्हता. सर्वपित्रीला पाटावर त्याच्या नावाची सुपारी मांडायची आणि तिलाच बाप म्हणायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांचा नवरा घरजावई होऊन आला, गेनबाचं खराडीतलं रान राखलं, आणि त्याच रानावर आज सुखदेवच्या इमारती उभ्या होत्या.

मग मागच्या महिन्यात त्यांच्या नातवाला, सार्थकला, नेटवर लढाईच्या काळातली एक फिल्म सापडली. परदेशातल्या कुठल्याशा संग्रहालयानं ठेवलेली, मुकी, काळीपांढरी. त्यानं ती घरच्या टीव्हीवर लावली. पलटणी चालल्या होत्या, वाळूच्या पोत्यांची तटबंदी रचली जात होती. कुणी बाई नळावर कपडे आपटत होती, पोरं सैनिकांना अंडी विकत होती. मग उघड्या अंगाची माणसं खंदक खणताना दिसली. पुण्याकडच्या मजूर कंपनीची माणसं, असं खाली लिहिलं होतं. त्यातल्या एकानं फावडं थांबवलं, घाम पुसला आणि सरळ समोर बघून हसला. त्याच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती. बैलानं शिंग मारलेला तो कान मथुराबाईंच्या आईनं त्यांना शंभरदा सांगितला होता. कपाळ तर थेट मथुराबाईंचंच. मागून कुणीतरी ओरडलं असावं, कारण तो दचकून पुन्हा खाली वाकला.

त्या दिवशी मथुराबाईंनी घरात कुणाला दुसरं काही बघू दिलं नाही. बाप वाकला की म्हणायच्या, परत लाव.

आता फ्लेक्सवर कानही धड होता.

"एआयनं जरा एन्हान्स केलंय, आजी," सार्थक म्हणाला. "युनिफॉर्म, लाइटिंग वगैरे. मूळ फिल्म आहे ना नेटवर, ती कुठं जातेय."

"फावडं कुठं गेलं?"

सार्थकनं बापाकडं बघितलं. सुखदेव आधी हसला, मग आवाज खाली आणून समजावू लागला. समोरच्या उमेदवाराच्या आजोबांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून ताम्रपट मिळालेला. त्याच्यापुढं आपण खड्डे खणणारा माणूस कसा दाखवायचा? शिवाय निवडून आलो की चौकाला आजोबांचं नाव देणार, इथंच पुतळा बसवणार. असाच, बंदूक घेतलेला. तुझ्याच बापाचा मान आहे ना त्यात?

"फावड्याला कोण मत देतं, आई? आणि चेहरा तर तोच आहे."

"चेहरा तोच हाय म्हणून तर. दुसऱ्या कुणाचा असता तर मी भाजी घिऊन घरी गेले असते." मथुराबाईंचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "मला बाप दिसायला जन्म गेला, सुख्या. तुला त्यो पुसायला एक रात पुरली. आता पुतळा बसवशील, मग तुझी नातवंडंसुदिक ह्यालाच हात जोडतील. त्यो खणणारा कुणाला ठाव राहील?"

सुखदेव म्हणाला, लोक बघताहेत, घरी बोलू. मथुराबाईंनी नबीलपुढं हात केला.

"कटर दे."

नबीलनं सुखदेवकडं बघितलं.

"त्याच्याकडं नगं बघू. त्याला मी जन्म दिलाय, त्यानं मला न्हाई."

नबीलनं पातं बाहेर सरकवून कटर त्यांच्या हातात दिला. मथुराबाई गुडघे धरत फ्लेक्सवर बसल्या आणि बंदुकीच्या कडेनं कापत निघाल्या. बोटांपाशी आल्या तेव्हा त्यांचा हात संथ झाला. बापाच्या एकाही बोटाला पातं लागू न देता त्यांनी खालून बंदूक सोडवून घेतली. नबीलनं न सांगता फ्लेक्सची कड ताणून धरली होती. एका कार्यकर्त्यानं मोबाइल वर केला, तो सुखदेवनं खाली दाबला.

"चढव आता," त्या उठत म्हणाल्या.

दोर ओढले गेले आणि गेनबा चौकात उभा राहिला. त्याच्या मुठी आवळलेल्या होत्या आणि मुठींच्या मधून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

कापलेली बंदूक मथुराबाईंनी सुखदेवच्या हातात दिली.

"ही धर. माझ्या बापाची न्हाई ही. तुझी हाय."

आणि मागं न बघता त्या घराकडं चालू लागल्या.

सिग्नलला गाड्या थांबल्या होत्या. काचा खाली करून लोक वर बघत, मग सुखदेवकडं बघत. त्यानं ती बंदूक घाईघाईनं गुंडाळली. पण फ्लेक्स कोरा करकरीत. जरा हात सैल झाला की बंदूक उलगडायची, आणि थांबलेल्या लोकांवर रोखली जायची.